इंग्रजीची पहिली पायरी : बालशिक्षक रवींद्रनाथ

रवींद्रनाथ टागोरांच्या ग्रंथसूचीतील 'नौकाडूबी', 'गोरा', 'गीतांजली' ही नावे भारतातील कोणत्याही भाषेच्या वाचकाला परिचित आहेत. त्याच सूचीत, त्याच वर्षांच्या आगेमागे, काही लहान पुस्तिकांची नावे आढळतात व त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. 'इंग्रेजी सोपान' हे त्यांपैकी एक. सोपान म्हणजे पायरी. 'इंग्रेजी श्रुतिशिक्षा', 'अनुवाद-चर्चा' आणि 'इंग्रेजी सहजशिक्षा' ही आणखी काही. बंगाली मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी रवींद्रनाथांनी स्वतः रचलेली ही क्रमिक पुस्तके आहेत. त्यांतील पहिले १९०४ सालचे, तर शेवटचे १९३० सालचे. म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापासून एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत हा कवी मधून मधून या कामाकडे परत येत राहिला. नोबेल पारितोषिक, जगप्रवास, विश्वभारतीची उभारणी या सर्वांच्या गर्दीतही ते सुटले नाही.

मातृभाषेतून शिक्षण मिळावे म्हणून आयुष्यभर झगडलेल्या पुरुषाने इंग्रजीच्या बालबोध पुस्तकांवर इतके श्रम का खर्च करावे, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. अनेकांना यात विसंगती दिसते, तर काहींनी आपल्या सोयीपुरता एक पक्ष उचलून दुसऱ्याकडे डोळेझाक केली आहे. रवींद्रनाथांच्या चरित्राचा हा एकच धागा सलग उलगडून पाहिला, तर दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच अनुभव आहे असे दिसून येते. तो अनुभव त्यांना फार लहानपणी, विद्यार्थी म्हणून आला होता.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील ठाकुरवाड्यात झाला. वडील महर्षी देवेंद्रनाथ ब्राह्म समाजाचे अग्रणी. घरात वैभव होते, इंग्रजी विद्येचा संस्कार होता, पण इंग्रजीचे दास्य नव्हते. एका नव्या नातलगाने देवेंद्रनाथांना इंग्रजीत पत्र धाडले, तेव्हा त्यांनी ते आल्या पावली परत पाठविले, ही आठवण रवींद्रनाथांनी 'जीवनस्मृती'त नोंदविली आहे. मुलांच्या अभ्यासाची व्यवस्था पाहणारे वडील बंधू हेमेंद्रनाथ यांचाही कटाक्ष असा, की प्रथम सर्व विषय बंगालीतून पक्के व्हावेत. आजूबाजूच्या घरांतून मुलांना शक्य तितक्या लवकर इंग्रजीत बुडविण्याची अहमहमिका चालली असताना या बंधूंनी तो आग्रह धरला, आणि पुढे रवींद्रनाथांनी त्याबद्दल त्यांचे ऋण मनःपूर्वक मानले. त्यांच्या मते शिक्षण हे जेवणासारखे आहे. पहिल्या घासालाच चव लागली, तर पोट भरण्याआधीच पाचकरस जागे होतात. परभाषेच्या पहिल्या घासाला मात्र दातच हलू लागतात, आणि चव कळेपर्यंत भूक मरून जाते.

तथापि या घरातही इंग्रजीचा तास होताच. दिवसभर शाळा व घरची शिकवणी आटोपल्यावर, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात, मेडिकल कॉलेजात शिकणारे अघोरबाबू इंग्रजी शिकवावयास येत. त्यांची प्रकृती इतकी ठणठणीत, की तिन्ही विद्यार्थ्यांनी मनोमन इच्छूनही ते सहसा आजारी पडत नसत. पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी साचलेले असे. आज तरी गुरुजी येणार नाहीत या आशेने मुले रस्त्याकडे डोळे लावून बसत. आणि नेमक्या वेळी कोपऱ्यावर ती ओळखीची छत्री दिसे. प्यारीचरण सरकारांची पहिली दोन इंग्रजी पुस्तके कशीबशी संपतात न संपतात तोच मॅक्‌कलॉकचे अवजड वाचनपुस्तक मुलांच्या हाती देण्यात आले. दिवसभराचा शिणवटा, मंद दिवा, काळ्या कव्हराचे जाड पुस्तक आणि त्यात एकाही चित्राचा पत्ता नाही. डोळ्यांवर झोप येई, मुले बाहेर जाऊन डोळ्यांना पाणी लावून येत व पुन्हा पेंगू लागत. अघोरबाबू मनाने वाईट नव्हते. शिकवणी रंजक करण्याची धडपडही त्यांनी केली, आणि एकदा तर मानवी स्वरयंत्राचा तुकडा कागदात गुंडाळून आणून आवाज कसा निर्माण होतो ते मुलांना समजाविले. पण मुलगा या प्रकाराने हबकूनच गेला. बोलणारा माणूस बाजूला ठेवून बोलण्याचे यंत्र तेवढे हाती यावे, हे त्याच्या मनाला रुचले नाही. भाषेच्या बाबतीत हीच गोष्ट त्याच्या रोजच्या अभ्यासात घडत होती.

नॉर्मल स्कूल या नावाच्या शाळेतील प्रसंग याहून बोलका आहे. शाळा सुरू होण्यापूर्वी सर्व मुलांना ओळीने बसवून एक इंग्रजी गीत म्हणावयास लावीत. हेतू करमणुकीचा असावा. परंतु शब्द परके, चालही परकी. अर्थ कोणालाच ठाऊक नाही. मुलांच्या तोंडी घोळून घोळून त्या गीताचे असे काही रूपांतर झाले, की पुढे प्रौढपणी बराच प्रयत्न करूनही रवींद्रनाथांना त्यातील एकदोन शब्दांचेच मूळ हुडकता आले. गीत आनंदाविषयी होते एवढे मात्र लागले. आनंदाचे गाणे निरर्थक आवाजांच्या रूपात निमूटपणे म्हणणारी ती मुलांची रांग म्हणजे त्या काळच्या इंग्रजी शिक्षणाचे संपूर्ण चित्रच म्हणावे लागेल. रवींद्रनाथांनी एकामागून एक शाळा बदलल्या आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळेचा मार्गच कायमचा सोडला.

इंग्रजी त्यांना आली ती अन्य वाटांनी. १८७३ साली वडिलांबरोबर हिमालयात डलहौसीजवळच्या बक्रोटा टेकडीवर काही महिने राहण्याचा योग आला. तेथे देवेंद्रनाथ स्वतः त्यांना पीटर पार्लेच्या गोष्टींच्या मालेतून इंग्रजी शिकवीत व तारांकित आकाशाखाली ग्रहताऱ्यांची ओळख करून देत. घरी परतल्यावर शाळेत रमत नाही असे पाहून ज्ञानचंद्र भट्टाचार्य या शिक्षकांनी निराळा उपाय योजिला. शेक्सपिअरच्या 'मॅक्‌बेथ'चा थोडा भाग ते बंगालीतून समजावून देत आणि त्याचे बंगाली पद्यात भाषांतर होईपर्यंत मुलाला खोलीत कोंडून ठेवीत. शिक्षा कठोर खरी, पण या कामात मुलाला परभाषेतून काही तरी आपल्या भाषेत आणावयाचे होते. त्यासाठी त्याला अर्थाशी झटावे लागले. हे सबंध भाषांतर पुढे हरवले, परंतु त्यातून मिळालेली दृष्टी हरवली नाही, हे चाळीस वर्षांनंतरच्या 'अनुवाद-चर्चे'वरून दिसते.

१८७८ साली त्यांना विलायतेस पाठविण्याचे ठरले. त्याआधी ते वडील बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे अहमदाबादेस राहिले. बंधू कचेरीत गेले की शाहीबागेच्या त्या विस्तीर्ण वाड्यात कोश हाताशी घेऊन इंग्रजी पुस्तके वाचीत बसावे, सगळे कळले नाही तरी जे उमगेल त्याच्या आधारे पुढे जावे, असा त्यांचा क्रम होता. अर्धवट कळणे हेही शिकण्याचे एक अंग आहे, ही त्यांची पुढील काळातील धारणा या दिवसांत रुजली.

इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून सत्येंद्रनाथांनी त्यांना मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले. मराठी वाचकाला या घराण्याची निराळी ओळख करून द्यावयास नको. आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे आद्य पुरस्कर्ते, आणि त्यांचे बंधू दादोबा पांडुरंग हे १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध करणारे वैयाकरण. सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना इंग्रजी संभाषण शिकविण्याचे काम आत्मारामांच्या कन्येकडे, नुकत्याच विलायतेहून परतलेल्या अन्नपूर्णा ऊर्फ अॅनाकडे आले. ज्यांनी मराठीला व्याकरण दिले त्या घरात बंगालच्या भावी महाकवीला इंग्रजी शिकावयास मिळावी, आणि तीही व्याकरणावाचून, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. आपली विद्या बेताची आहे हे ओळखून विद्यार्थ्याने कवी असल्याचे भांडवल पुढे केले. तिने ते कौतुकाने स्वीकारले, स्वतःसाठी एक नाव मागितले, आणि त्याने दिलेले 'नलिनी' हे नाव पुढे त्याच्या काव्यातही उतरले. उतारवयात लिहिलेल्या 'छेलेबेला'त त्या दिवसांचे स्मरण त्यांनी अतिशय हळुवारपणे केले आहे. अन्नपूर्णेचा मृत्यू १८९१ साली एडिनबरो येथे झाला. ज्याच्याशी बोलावेसे वाटते अशा माणसाच्या सहवासात भाषा किती सहज येते, याचा धडा त्यांना या मराठी घरात मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

ब्रायटन आणि लंडन येथील मुक्कामात युनिव्हर्सिटी कॉलेजातील हेन्री मोर्ले यांच्या साहित्यविषयक व्याख्यानांनी ते भारावून गेले. पदवी मात्र न घेताच १८८० साली ते स्वदेशी परतले. त्यानंतरची दहा-बारा वर्षे काव्य, नाटक, नियतकालिके व पद्माकाठच्या जमीनदारीची व्यवस्था यांत गेली. १८८३ साली मृणालिनीदेवींशी विवाह झाला व पुढे पाच अपत्ये झाली. मुले वाढू लागली तसा शिक्षणाचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला.

१८९२ साली राजशाही येथे त्यांनी वाचलेला 'शिक्षार हेरफेर' हा निबंध भारतीय शिक्षणचिंतनातील एक मूलभूत लेख मानला पाहिजे. त्यातील विवेचन नेमके व व्यवहारी आहे. बंगाली मुलाच्या हाती पडणाऱ्या इंग्रजी वाचनपुस्तकात गवत कापून वाळविण्याच्या हंगामाची गोष्ट असते, बर्फाच्या गोळ्यांच्या खेळात दोन मुलांचे भांडण होते. इंग्रज बालकाच्या मनात या शब्दांबरोबर चित्रे उभी राहतात, कारण ती त्याने पाहिलेली असतात. बंगाली मुलाच्या मनात काहीच उभे राहत नाही. तो आंधळ्याप्रमाणे चाचपडत जातो. खालच्या वर्गांतील शिक्षकांना ना धड इंग्रजी येते ना धड बंगाली. एखादे साधे इंग्रजी वाक्यही बंगालीत कसे मांडावे हे त्यांना सुचत नाही, आणि ते वेळ मारून नेतात. परिणामी ज्या वयात कल्पना व विचार यांची वाढ व्हावयाची, ते वय केवळ शब्द जमविण्यात निघून जाते. पुढे भाषा येते तेव्हा भाव सोबत नसतो, आणि भाव जागा होतो तेव्हा भाषा साथ देत नाही. या लेखाचा रोख इंग्रजीवर नव्हता. इंग्रजी ज्या क्रमाने आणि ज्या रीतीने दिली जात होती, तिच्यावर होता.

टीका करून थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८९८ च्या सुमारास त्यांनी कुटुंब शिलाईदह येथे नेले आणि मुलांची शाळा घरातच सुरू केली. बंगाली ते स्वतः शिकवीत; गणितासाठी जगदानंद राय, संस्कृतसाठी एक पंडित, आणि इंग्रजीसाठी लॉरेन्स नावाचा एक इंग्रज गृहस्थ ठेवला होता. हा लॉरेन्स मोठा वल्ली होता. मद्याची आवड होती, आणि रेशमाचे किडे पाळण्याचे वेड तर त्याहून अधिक. पण तो शिक्षक म्हणून चांगला होता, अशी ग्वाही ज्येष्ठ पुत्र रथींद्रनाथांनी दिली आहे. ही घरगुती शाळा म्हणजे पुढील प्रयोगाची पूर्वतयारी होती.

२२ डिसेंबर १९०१ रोजी, बंगाली पंचांगाप्रमाणे सात पौषाला, बोलपूरजवळच्या शांतिनिकेतनात ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली. विद्यार्थी अवघे पाच; त्यांत रथींद्रनाथ एक. आरंभीच्या काळात ब्रह्मबांधव उपाध्याय व त्यांचे सिंधी शिष्य रेवाचंद यांचे साहाय्य होते, आणि इंग्रजीचे वर्ग रेवाचंदांकडे होते. ते लवकरच निघून गेले. पैशाची चणचण नित्याची होती. पुरीचे घर विकावे लागले, मृणालिनीदेवींचे दागिने मोडावे लागले. त्यांतच नोव्हेंबर १९०२ मध्ये मृणालिनीदेवी निवर्तल्या, १९०३ मध्ये मधली कन्या रेणुका गेली. १९०७ च्या नोव्हेंबरात अकरा वर्षांचा धाकटा मुलगा शमींद्र मुंगेर येथे पटकीने दगावला.

बालकांसाठी लिहिलेली इंग्रजीची पहिली पुस्तके या वर्षांतील आहेत हे विसरता येत नाही. 'इंग्रेजी सोपान'चे दोन भाग १९०४ व १९०६ साली आणि 'इंग्रेजी श्रुतिशिक्षा' १९०९ साली निघाली. स्वदेशी चळवळ ऐन भरात असताना, त्या चळवळीची गाणी रचणारा कवी एकीकडे मुलांसाठी इंग्रजी वाक्यांचे नमुने जुळवीत बसला होता. घरातील मुले एकेक करून जात असता तो दुसऱ्यांच्या मुलांच्या तोंडी परक्या भाषेचे पहिले शब्द कसे घालावेत याचा विचार करीत होता. या दोहोंचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. मात्र हे काम त्यांनी फावल्या वेळचे म्हणून केले नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

या पुस्तकांची पद्धत पाहण्यासारखी आहे. 'श्रुतिशिक्षा' या नावातच तिचे मर्म आहे. अक्षरांकडे वळण्याआधी कानाची तयारी झाली पाहिजे. शिक्षकाने इंग्रजीतून एखादी लहानशी आज्ञा द्यावी, मुलाने ती कृतीने पाळावी. उठावे, बसावे, यावे, जावे, एखाद्या वस्तूला हात लावावा. अर्थ कृतीतून स्पष्ट झाला की तेच वाक्य थोडे बदलून पुन्हा म्हणावे. एकाचे अनेक करावे, होकाराचा नकार करावा, विधानाचा प्रश्न करावा, वर्तमानाचा भूतकाळ करावा. नियम सांगावयाचा नाही. वाक्ये फिरता फिरता नियम मुलाच्या अंगवळणी पडावयाचा. शब्द निवडावयाचे ते मुलाच्या भोवतालच्या वस्तूंचे, जेणेकरून न पाहिलेल्या बर्फावर अडखळण्याची पाळी येऊ नये. आवश्यक तेथे बंगालीचा उपयोग शिक्षकाने मोकळेपणाने करावा, कारण अर्थ लपवून ठेवण्यात कोणतेही शौर्य नाही.

तौलनिक दृष्टीने पाहता या पुस्तिकांचे महत्त्व अधिक जाणवते. युरोपात प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू झाला होता, तेव्हा कृतीतून भाषा शिकविण्याची कल्पना सर्वस्वी नवी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु हॅरल्ड पामर यांचे कृतींद्वारा इंग्रजी शिकविण्याविषयीचे प्रसिद्ध पुस्तक तोक्यो येथून निघाले ते १९२५ साली, आणि अमेरिकेत जेम्स अॅशर यांनी आज्ञा व शारीरिक प्रतिसाद यांवर आधारलेली आपली पद्धत मांडली ती १९६० च्या दशकात. बोलपूरच्या माळावरील शाळेत हे तत्त्व १९०९ मध्येच पाठ्यपुस्तकाच्या रूपाने छापले गेले होते. याचा अर्थ पुढील मंडळींनी ते तेथून घेतले असा नव्हे. मुलाकडे डोळे उघडून पाहणारे शिक्षक निरनिराळ्या देशांत एकाच ठिकाणी पोहोचतात, इतकाच त्याचा अर्थ.

याच बंगालमध्ये दुसरा एक प्रयोग समांतर चालला होता. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणारे मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालच्या संदर्भात द्वैभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. त्यांचा युक्तिवाद असा, की बहुसंख्य मुले मध्येच शाळा सोडतात. बोलण्याचे अर्धवट शिक्षण त्यांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून प्रथम वाचन द्यावे आणि मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत लिहिलेली पुस्तके पुरवावीत. वेस्ट यांनी कान नव्हे तर डोळा निवडला. दोघांची निदाने मात्र जवळजवळ सारखी आहेत. जी पुस्तके मुलांच्या हाती आहेत ती त्यांच्यासाठी लिहिलेलीच नाहीत, यावर दोघांचे एकमत आहे. वेस्ट यांची नजर सबंध प्रांतावर होती व साधन होते छापील पुस्तक. रवींद्रनाथांची नजर समोरच्या मुलावर होती व साधन होता शिक्षक.

१९१२-१३ च्या घटना सर्वश्रुत आहेत. आजारपणात शिलाईदह येथे विरंगुळा म्हणून सुरू केलेली 'गीतांजली'ची भाषांतरे लंडनला पोहोचली आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले. याच सुमारास पुतणी इंदिरादेवी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी प्रांजळपणे कळविले होते, की आपल्याला इंग्रजी लिहिता येत नाही ही इतकी उघड गोष्ट आहे, की तिची लाज वाटण्याचा अभिमानही आपल्यापाशी नाही. चहाच्या निमंत्रणाला इंग्रजीत उत्तर देण्याचेही आपल्याला धैर्य होत नसे. यात विनयाचा भाग असेल. पण परभाषेपुढील बिचकलेपणा वयाच्या पन्नाशीतही ज्याच्या मनात ताजा होता, तोच नवशिक्या मुलाची अडचण आतून ओळखू शकतो. भाषा ज्यांना जन्मतः मिळाली त्यांच्या ती ध्यानात येतेच असे नाही.

पुढील वर्षी सी. एफ. अँड्र्यूज व डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन हे दोघे इंग्रज शांतिनिकेतनात दाखल झाले आणि मुलांना इंग्रजी बोलणारी, प्रेमळ, जिवंत माणसे भेटली. याच काळात काका कालेलकरही काही महिने तेथे होते. १९१७ सालच्या 'अनुवाद-चर्चे'त रवींद्रनाथांनी थोड्या मोठ्या मुलांसाठी पुढची पायरी रचली. इंग्रजी उतारा बंगालीत आणावा, काही दिवसांनी आपल्याच बंगालीवरून तो पुन्हा इंग्रजीत न्यावा, आणि मुळाशी ताडून पाहावा. दोन भाषांच्या स्वभावांतील भेद नियमांनी कळत नाहीत ते या येरझारांत कळतात. 'मॅक्‌बेथ'साठी कोंडून ठेवलेला मुलगा येथे शिक्षक झाला होता. खोलीला लावलेली कडी तेवढी त्याने काढून टाकली.

१९२१ सालच्या वादाचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. इंग्रजी शिक्षणाच्या ओझ्यामुळे राममोहन राय व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांचाही प्रभाव खुंटला, अशा आशयाचे मत गांधीजींनी मांडले, तेव्हा रवींद्रनाथांनी त्याला तीव्र हरकत घेतली. राममोहन संस्कृत, फारसी व अरबी या विद्यांत मुरलेले होते. आपल्या भूमीवर घट्ट पाय रोवून उभे असल्यामुळेच ते पश्चिमेकडे समानतेने पाहू शकले, असे त्यांचे म्हणणे होते. हेच सूत्र बालशिक्षणाला लावले की आधी मातृभाषा आणि मग इंग्रजी हा क्रम सिद्ध होतो. १९१५ च्या 'शिक्षार बाहन'पासून १९३६ च्या 'शिक्षार स्वांगीकरण'पर्यंतचे त्यांचे लेख याच सूत्राचा विस्तार आहेत. १९३७ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी बंगालीतून भाषण केले. तेथे तो मान बंगालीला प्रथमच मिळत होता.

'इंग्रेजी सहजशिक्षा'चे दोन भाग १९२९ व १९३० साली निघाले, आणि १९३० सालीच नंदलाल बसूंच्या चित्रांनी सजलेली 'सहज पाठ' ही बंगालीची बालपुस्तिका प्रसिद्ध झाली. जवळजवळ सत्तरीला पोहोचलेला कवी दोन भाषांची पहिली पाने एकाच वेळी लिहीत होता. दोन्ही नावांत 'सहज' हा शब्द आहे, आणि तो जाणीवपूर्वक आला असावा. परंतु दोहोंचे दैव निराळे निघाले. 'सहज पाठ' बंगालच्या घराघरांत पोहोचले. इंग्रजीची पुस्तके शांतिनिकेतनाच्या कुंपणाबाहेर फारशी गेली नाहीत. रवींद्रनाथ ७ ऑगस्ट १९४१ रोजी निवर्तले, १९५१ साली विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले, आणि पुस्तके रचनावलीच्या खंडांत स्थिरावली.

असे का झाले, याचे उत्तर त्या पुस्तकांतच सापडते. ती मुलांच्या हाती देऊन मोकळे होण्याजोगी पुस्तके नव्हेत. ती शिक्षकाला दिलेली टिपणे आहेत. ज्याची इंग्रजी निर्दोष व ओघवती आहे, ज्याला मुलांची भाषाही तितकीच येते, आणि ज्याला तासभर मुलांबरोबर उठण्याबसण्याचा कंटाळा नाही, असा शिक्षक त्यांत गृहीत धरलेला आहे. १८९२ च्या निबंधात रवींद्रनाथांनी ज्या शिक्षकाचे दैन्य वर्णिले होते, तोच शिक्षक देशातील शाळांतून कायम राहिला, मग पद्धत कोणाच्या हाती चालावी? शिवाय प्रवेश परीक्षेचा बडगा खुद्द शांतिनिकेतनावरही होता. परीक्षा कानाची व जिभेची नव्हती. ती लेखणीची होती, आणि तिने आपल्याजोगे शिक्षण घडवून घेतले.

१९८० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम बंगालमध्ये प्राथमिक वर्गांतून इंग्रजी काढून टाकण्यात आली, तेव्हा त्या निर्णयाच्या समर्थकांनी रवींद्रनाथांचा आधार घेतला आणि विरोधकांनीही घेतला. दोन दशकांनंतर ती पुन्हा पहिल्या इयत्तेपासून आली. महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, तेव्हाही चर्चा प्रामुख्याने कोणत्या इयत्तेपासून या एकाच मुद्द्याभोवती फिरली. रवींद्रनाथांनाही वयाचा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता, आणि मातृभाषेचा पाया आधी घातला जावा याविषयी ते निःसंदिग्ध होते. पण त्यांच्या आयुष्याची साक्ष याच्या पुढे जाते. वर्गात उच्चारल्या जाणाऱ्या परक्या शब्दामागे मुलाला काही दिसते का, त्या शब्दाने त्याला काही करता येते का, आणि तो शब्द आपल्या भाषेत आणून पुन्हा परत नेता येतो का, ही त्यांची कसोटी होती. जी शाळा या कसोटीला उतरत नाही, तेथे इंग्रजी पहिलीत सुरू केली काय आणि पाचवीत सुरू केली काय, नॉर्मल स्कूलमधील त्या गीताचीच पुनरावृत्ती होणार.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. त्यांच्या मुलांची घरची भाषा एक, रस्त्यावरची दुसरी आणि शाळेची तिसरी. अशा ठिकाणी घरची मराठी ही इंग्रजीच्या वाटेतील अडचण समजून बाजूला सारण्याकडे पालकांचा कल होतो. जोडासाँकोच्या वाड्यातील हेमेंद्रनाथांनी नेमके याच्या उलट केले. त्यांच्या हाताखालील तो मुलगा शाळेत कधीच रमला नाही, पण पुढे दोन भाषांत लिहिता झाला, आणि ज्यांना शाळेत रमता येत नाही अशा मुलांसाठी त्याने इंग्रजीची पहिली पायरी स्वतः घडविली. ती पायरी अद्याप जागेवर आहे. तिच्यावर मुलांना हात धरून चढवील अशा शिक्षकाची तयारी करणे, हे काम मात्र आपल्या अध्यापक महाविद्यालयांपुढे आणि विद्यापीठांच्या भाषाविभागांपुढे अजून उभे आहे.